संघटित क्रीडाक्षेत्रातील कायदा आणि व्यवस्थापन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खेळाडू, त्यांचे पालक, प्रशिक्षक आणि क्लब किंवा संघटनेचे पदाधिकारी यांच्याकडून पुन्हापुन्हा येणाऱ्या शंकांची उत्तरे येथे दिली आहेत. प्रत्येक देशाचा कायदा आणि प्रत्येक खेळाची नियमावली वेगळी असते. त्यामुळे प्रत्यक्ष प्रकरणात आपल्या संघटनेची घटना आणि नियमावली समोर ठेवूनच निर्णय घ्यावा. क्रीडावादांचा निकाल बहुतांशी वाद सुरू होण्यापूर्वीच ठरलेला असतो, असे माझे ठाम मत आहे. नियम आधी लिहून जाहीर केले होते का, ठरलेली मुदत पाळली गेली का आणि नोंद ठेवली होती का, या तीन प्रश्नांपाशी जवळजवळ प्रत्येक प्रकरण येऊन थांबते.

खेळाचे स्वतःचे नियम असताना देशाचा कायदा मध्ये कशासाठी येतो?

खेळाडूवर एकाच वेळी तीन प्रकारचे नियम लागू असतात. पहिले प्रत्यक्ष खेळाचे, म्हणजे चेंडू रेषेबाहेर गेला की नाही, हे ठरवणारे. दुसरे संघटनेचे, म्हणजे नोंदणी, पात्रता, शिस्त, निवड आणि हस्तांतरण यांचे. खेळाडू नोंदणीच्या वेळी सही करून ते मान्य करतो, त्यामुळे त्यांचे स्वरूप कराराचे असते. तिसरा देशाचा कायदा. तो या दोहोंच्या वर असतो आणि सही करून त्यातून कोणाचीही सुटका होत नाही.

या सीमारेषेचा विचार युरोपीय न्यायालयाने १९७४ साली एका सायकलिंगच्या प्रकरणात केला. मोटारसायकलच्या आडोशाने सायकलस्वाराला वेग देणारा चालक आणि तो सायकलस्वार एकाच देशाचे असले पाहिजेत, असा नियम जागतिक महासंघाने केला होता. वॉलरेव्ह आणि कोख या दोन डच चालकांनी त्याला आव्हान दिले. खेळ जिथे आर्थिक व्यवहार असतो तिथे त्याला कायदा लागू होतो, मात्र राष्ट्रीय संघाची रचना हा निव्वळ खेळाचा प्रश्न आहे, असे न्यायालयाने सांगितले. पुढच्या पन्नास वर्षांतले युरोपातील बहुतेक मोठे निकाल याच वाक्याच्या आधाराने उभे राहिले आहेत.

पंचांचा निर्णय उघडउघड चुकीचा होता. त्याविरुद्ध दाद मागता येते का?

बहुतेक वेळा नाही. मैदानावर घेतलेला तांत्रिक निर्णय पक्षपात, लाचखोरी किंवा दुष्ट हेतू सिद्ध झाल्याशिवाय बदलायचा नाही, हे तत्त्व क्रीडा लवाद कसोशीने पाळतात. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये दक्षिण कोरियाचा जिम्नॅस्ट यांग ताए-युंग याच्या समांतर पट्ट्यांवरील कसरतीचे आरंभमूल्य, म्हणजे गुणमोजणी ज्या आकड्यापासून सुरू होते तो आकडा, पंचांनी ०.१ ने कमी धरले. चूक मान्य झाली, संबंधित पंच निलंबितही झाले, पण यांगचे कांस्यपदक कांस्यच राहिले. मैदानावरील निर्णय आपण बदलणार नाही, असे लवादाने सांगितले. शिवाय आक्षेप स्पर्धा चालू असतानाच नोंदवायला हवा होता. म्हणून संघव्यवस्थापकाला आक्षेपाचा अर्ज, त्याचे शुल्क आणि त्याची मुदत पाठ असली पाहिजे. अनेक खेळांत ही मुदत मिनिटांत मोजली जाते.

‘क्रीडा लवाद न्यायालय’ म्हणजे नेमके काय?

‘कॅस’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी ही संस्था १९८४ साली स्वित्झर्लंडमधील लोझान येथे सुरू झाली. नावात न्यायालय असले तरी ती लवाद संस्था आहे. सर्वसाधारण प्रकरण तीन लवादांपुढे चालते. दोन्ही बाजू एकेक लवाद सुचवतात आणि अपिलाच्या प्रकरणात अध्यक्षाची नेमणूक संस्था करते. संबंधित संघटनेच्या नियमांत वेगळी मुदत दिलेली नसेल तर निर्णय मिळाल्यापासून २१ दिवसांत अपील दाखल करावे लागते.

सुरुवातीला या संस्थेचा खर्च आणि नेमणुका आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या हातात होत्या. गुंडेल नावाच्या जर्मन घोडेस्वाराच्या प्रकरणात स्वित्झर्लंडच्या संघीय न्यायालयाने १९९३ साली लवादाचा निर्णय ग्राह्य धरला. मात्र, ऑलिम्पिक समिती स्वतःच पक्षकार असेल तेव्हा हे नाते अडचणीचे ठरेल, अशी स्पष्ट सूचनाही न्यायालयाने केली. पुढच्याच वर्षी संस्थेची फेररचना होऊन तिचा कारभार एका स्वतंत्र परिषदेकडे गेला. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकपासून स्पर्धेच्या जागीच तात्पुरता विभाग बसतो आणि शक्यतो २४ तासांत निकाल देतो. अंतिम फेरी उद्या सकाळी असेल तर महिन्याने मिळालेल्या न्यायाचा खेळाडूला काहीच उपयोग नसतो.

नोंदणी अर्जावर लवादाचे कलम असते. त्यावर सही केली की न्यायालयाचा दरवाजा बंद होतो का?

हा या क्षेत्रातला सर्वांत जुना आणि सर्वांत प्रामाणिक आक्षेप आहे. सही न केल्यास स्पर्धेत उतरता येत नाही, मग ती सही स्वेच्छेची कशी? जर्मन स्पीड स्केटर क्लॉडिया पेख्श्टाइन यांनी नेमका हाच मुद्दा लढवला. २००९ साली त्यांच्यावर उत्तेजक द्रव्यांच्या आरोपाखाली, केवळ रक्तातील मूल्यांवरून, दोन वर्षांची बंदी आली. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०१८ साली निकाल देताना अशा लवादाला सक्तीचा लवाद मानले आणि सुनावणी जाहीरपणे न घेतल्याने पेख्श्टाइन यांच्या हक्काचा भंग झाल्याचे म्हटले. लवाद संस्थेच्या स्वातंत्र्याविषयीचा आक्षेप मात्र फेटाळला. २०२२ साली जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयानेही त्यांचे प्रकरण देशातील न्यायालयांपुढे पुन्हा खुले केले.

त्यानंतर हा प्रवाह अधिक ठळक झाला. दक्षिण आफ्रिकेच्या धावपटू कॅस्टर सेमेन्या यांच्या प्रकरणात मानवी हक्क न्यायालयाच्या मोठ्या पीठाने जुलै २०२५ मध्ये सांगितले की, स्विस न्यायालयाने लवादाच्या निर्णयाची पुरेशी काटेकोर तपासणी केली नाही, म्हणून निःपक्ष सुनावणीच्या हक्काचा भंग झाला. पुढच्याच महिन्यात युरोपीय संघाच्या न्यायालयाने बेल्जियमच्या सेराँ या फुटबॉल क्लबच्या प्रकरणात निकाल दिला. युरोपीय संघाच्या मूलभूत सार्वजनिक धोरणाशी संबंधित मुद्द्यांवर सदस्य देशांच्या न्यायालयांना लवादाचा निर्णय खोलात जाऊन तपासता आला पाहिजे, असे त्यात म्हटले आहे.

थोडक्यात, दरवाजा बंद होत नाही, पण तो अरुंद होतो. लवादाच्या निर्णयाविरुद्ध स्विस संघीय न्यायालयात ३० दिवसांत जाता येते. तिथे लवादाची रचना, अधिकारक्षेत्र, बाजू मांडण्याची संधी आणि सार्वजनिक धोरण अशा मोजक्याच कारणांवर विचार होतो. पुरावा पुन्हा तपासला जात नाही. म्हणून सर्व पुरावा लवादापुढेच मांडावा, पुढच्यासाठी काहीही राखून ठेवू नये.

आमच्या क्लबला एका खेळाडूवर शिस्तभंगाची कारवाई करायची आहे. ती न्यायालयात टिकण्यासाठी काय करावे?

नैसर्गिक न्यायाची दोन तत्त्वे जगभर मानली जातात. दुसऱ्या बाजूचे म्हणणे ऐकल्याशिवाय निर्णय देऊ नये आणि स्वतःच्याच प्रकरणात कोणी न्यायाधीश होऊ नये. क्लबच्या कारभारात ही तत्त्वे अगदी साध्या कारणांनी मोडली जातात. सामन्यात ज्याच्याशी वाद झाला तोच व्यवस्थापक शिस्तपालन समितीत बसतो. नोटिशीत ‘गैरवर्तन’ एवढाच शब्द असतो, दिवस, वेळ, ठिकाण आणि कोणते कलम मोडले याचा उल्लेख नसतो. संध्याकाळी नोटीस देऊन सकाळी सुनावणी ठेवली जाते. निर्णयाच्या पत्रात शिक्षा असते, कारण नसते.

नोटिशीत आरोप नेमक्या शब्दांत आणि नियमाच्या कलमासह लिहावा, पुरावा सोबत द्यावा, उत्तरासाठी पुरेसे दिवस द्यावेत, सोबत प्रतिनिधी आणण्याची मुभा द्यावी आणि समितीतील प्रत्येकाने आपला संबंध नसल्याचे लिहून द्यावे. शिक्षा नियमावलीत आधीपासून लिहिलेली असली पाहिजे. घटनेनंतर बैठक घेऊन ठरवलेली शिक्षा कोणत्याही अपिलात टिकणे कठीण असते. निर्णयपत्रात अपील कोणाकडे आणि किती दिवसांत करायचे, हेही लिहावे. तक्रार गंभीर असेल आणि खेळाडूला चौकशीच्या काळात दूर ठेवणे आवश्यक असेल तर तात्पुरते निलंबन करता येते. मात्र ते शिक्षा नसून खबरदारी आहे, असे पत्रात स्पष्ट म्हणावे आणि त्याला कालमर्यादा घालावी.

निवड न झालेल्या खेळाडूला निवड समितीला जाब विचारता येतो का?

निवडीतील गुणवत्तेचा अंदाज हा निवडकर्त्यांचा अधिकार आहे आणि लवाद त्यात सहसा हात घालत नाहीत. मात्र जाहीर केलेल्या निकषांप्रमाणे निवड झाली का, हे तपासले जाते. ‘चाचणीतील पहिले दोन’ असा निकष असेल तर तिसऱ्याला घेता येत नाही, तो कितीही अनुभवी असला तरीही. ‘अलीकडची कामगिरी आणि संघाची गरज’ असा निकष असेल तर समितीला मोकळीक मिळते, पण मग त्या मोकळिकीचा वापर कसा केला, हे इतिवृत्तात दिसले पाहिजे. इतिवृत्त बैठकीच्या दिवशीच लिहावे. तक्रार आल्यानंतर लिहिलेले इतिवृत्त ओळखू येते. त्यात सर्व कारणे नको तितकी नीटनेटकी असतात.

उत्तेजक द्रव्य चुकून शरीरात गेले असेल तरी शिक्षा होते का?

होय, होऊ शकते. जागतिक उत्तेजकविरोधी संस्था ‘वाडा’ १९९९ साली स्थापन झाली आणि तिची संहिता २००४ पासून लागू झाली. ‘आपल्या शरीरात काय जाते याची जबाबदारी खेळाडूची’ हा या संहितेचा पाया आहे. नमुन्यात द्रव्य सापडले की नियमभंग सिद्ध होतो, त्यासाठी हेतू सिद्ध करावा लागत नाही. हेतू आणि निष्काळजीपणा यांचा विचार शिक्षेच्या टप्प्यावर होतो. हेतुपूर्वक वापराला साधारणपणे चार वर्षे आणि अन्यथा दोन वर्षे बंदी असते. दोष अल्प असल्यास त्याहून कमी आणि काहीच दोष नसल्यास बंदीच नाही, अशीही तरतूद आहे. तसे ठरण्यासाठी द्रव्य शरीरात कसे गेले, हे बहुतेक वेळा खेळाडूलाच दाखवून द्यावे लागते.

टेनिसपटू मारिया शारापोव्हा यांचे प्रकरण प्रत्येक खेळाडूने जवळून पाहावे. त्या सुमारे दहा वर्षे ‘मिल्ड्रोनेट’ नावाचे औषध घेत होत्या. त्यातील ‘मेल्डोनियम’ हा घटक १ जानेवारी २०१६ पासून बंदीच्या यादीत आला आणि त्याच महिन्यात ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये घेतलेला त्यांचा नमुना सदोष, म्हणजे बंदी असलेले द्रव्य असलेला, आढळला. डब्यावर एक नाव आणि यादीत दुसरे, आणि नवी यादी वाचण्याचे काम नेमके कोणाचे हे पथकात कोणीच नीट ठरवलेले नव्हते. दोन वर्षांची बंदी लवादाने १५ महिन्यांवर आणली, पण नियमभंग कायम राहिला. जगातील सर्वांत श्रीमंत खेळाडूंपैकी एकीच्या पथकात हे घडते, तर एकट्याने सराव करणाऱ्या मुलीचे काय होत असेल, हा विचार मला अस्वस्थ करतो. संघटनांनी दरवर्षी जानेवारीपूर्वी नवी यादी खेळाडूंना त्यांच्या भाषेत आणि औषधांच्या बाजारातील नावांसह समजावून द्यावी. नुसता ई-मेल पाठवून हे कर्तव्य पूर्ण होत नाही.

आजारासाठी बंदी असलेले औषध आवश्यक असेल तर उपचारासाठी वापराची सवलत शक्यतो आधीच मागावी. नमुना दोन बाटल्यांत ठेवला जातो आणि पहिली सदोष निघाल्यास दुसरी तपासून घेण्याचा हक्क खेळाडूला असतो. नोंदणीकृत चाचणीगटातील खेळाडूला रोज एका तासासाठी आपला ठावठिकाणा कळवावा लागतो आणि १२ महिन्यांत तीन चुका झाल्या की चाचणी सदोष नसतानाही नियमभंग ठरतो.

सामना-निश्चितीची (मॅच-फिक्सिंगची) चौकशी चालू असताना पोलिसांत गुन्हाही दाखल झाला. दोन्ही एकत्र चालू शकतात का?

चालू शकतात. २०१० च्या लॉर्ड्स कसोटीत पाकिस्तानच्या तीन क्रिकेटपटूंनी ठरवून नोबॉल टाकण्याच्या कटात भाग घेतला. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या न्यायाधिकरणाने फेब्रुवारी २०११ मध्ये बंदी घातली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लंडनच्या न्यायालयाने तिघांना तुरुंगवास ठोठावला. दोन ठिकाणी पुराव्याची पट्टी वेगळी असते. फौजदारी खटल्यात वाजवी संशयापलीकडे सिद्धता लागते, क्रीडा न्यायाधिकरणाला त्याहून कमी पुरते. म्हणून एका ठिकाणी निर्दोष ठरलेला खेळाडू दुसरीकडे दोषी ठरू शकतो, आणि त्यात विसंगती नाही. एक गोष्ट खेळाडूंना आवर्जून सांगितली पाहिजे. पैशाची किंवा भेटवस्तूची ‘ऑफर’ नाकारणे पुरेसे नसते. ती तत्काळ कळवली नाही तर तोही स्वतंत्र अपराध असतो.

करार संपल्यावर क्लब खेळाडूला अडवू शकतो का? आणि करार मध्येच मोडला तर?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर युरोपात १५ डिसेंबर १९९५ रोजी मिळाले. बेल्जियमचा फुटबॉलपटू जाँ-मार्क बोस्मान याचा लीज क्लबशी असलेला करार १९९० साली संपला. क्लबने त्याला पूर्वीच्या वेतनाच्या एक-चतुर्थांशावर नवा करार देऊ केला. फ्रान्समधील डंकर्क क्लबकडे जाण्याचा मार्गही हस्तांतरण शुल्काच्या वादात अडकला. करार संपल्यानंतरही शुल्क मागणे युरोपीय संघातील मुक्त संचाराच्या हक्काविरुद्ध आहे, असे न्यायालयाने ठरवले. बोस्मान जिंकला तोपर्यंत त्याची उमेदीची वर्षे निघून गेली होती. त्याच्यामुळे ज्यांना कोट्यवधी मिळाले त्यांच्यात तो स्वतः नाही.

दुसरा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. फ्रान्सचा फुटबॉलपटू लासाना दियारा याचा लोकोमोटिव्ह मॉस्को या क्लबशी असलेला करार २०१४ साली तुटला. खेळाडूने भरपाई द्यावी, नव्या क्लबनेही त्या रकमेची जबाबदारी घ्यावी आणि वाद मिटेपर्यंत हस्तांतरणाचा दाखला अडवता यावा, अशी फिफा या जागतिक फुटबॉल महासंघाच्या नियमांची रचना होती. त्यामुळे त्याला घ्यायला तयार असलेला क्लब मागे सरला. ४ ऑक्टोबर २०२४ रोजी युरोपीय न्यायालयाने हे नियम कायद्याशी विसंगत ठरवले. तरीही करार केव्हाही मोडता येतो, असा याचा अर्थ मुळीच नाही. भरपाई द्यावी लागतेच, पण ती मोजण्याची रीत आधी स्पष्ट असावी आणि प्रमाणाबाहेर नसावी. करारावर सही करण्यापूर्वी मुदतवाढीचा पर्याय कोणाच्या हातात आहे, दुखापतीच्या काळात वेतन मिळते का, छायाचित्र आणि नाव वापरण्याचे हक्क कोणाकडे जातात आणि वाद कोठे सोडवायचा, ही चार कलमे अवश्य वाचावीत.

लहान खेळाडूंच्या सुरक्षेसाठी संघटनेची जबाबदारी काय?

येथे मी नरमाईने लिहू शकत नाही. अमेरिकेतील जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर लॅरी नासर याने अनेक वर्षे उपचाराच्या नावाखाली मुलींचे लैंगिक शोषण केले. २०१८ साली शिक्षेच्या सुनावणीत दीडशेहून अधिक मुली आणि महिलांनी न्यायालयात आपले म्हणणे मांडले. तक्रारी त्याआधीही झाल्या होत्या. त्या ज्यांच्यापर्यंत पोचल्या त्यांनी त्या पुढे नेल्या नाहीत. त्याच वर्षी अमेरिकेत लागू झालेल्या कायद्याने मुलांच्या शोषणाचा संशय आल्यास २४ तासांत यंत्रणेला कळवणे ऑलिम्पिक चळवळीतील संघटनांसाठी काम करणाऱ्या प्रौढांना बंधनकारक केले.

आपल्या देशात असा कायदा असो वा नसो, संघटनेने तो आपला नियम करावा. तक्रार स्वीकारणारी व्यक्ती प्रशिक्षक आणि अध्यक्ष यांच्या अधिकाराबाहेरची असावी. कोणत्याही प्रौढाने मुलासोबत बंद खोलीत एकटे राहू नये, वैद्यकीय तपासणीच्या वेळी तर नाहीच. नेमणुकीपूर्वी पूर्ववृत्ताची पडताळणी करावी. आरोप गुन्ह्याच्या स्वरूपाचा असेल तर ‘आधी आपल्या पातळीवर चौकशी करू’ असे म्हणून पोलिसांकडे जाणे लांबवू नये. संघटनेची बदनामी होईल, ही सबब त्या मुलीला कधीच ऐकवू नये.

पालकांकडून हमीपत्र घेतले आहे. मग दुखापतीची जबाबदारी क्लबवर येणार नाही ना?

हमीपत्राने खेळातील स्वाभाविक धोका मान्य केला जातो, निष्काळजीपणा नव्हे. अनेक देशांत निष्काळजीपणामुळे झालेला मृत्यू किंवा शारीरिक इजा यांची जबाबदारी अशा कागदाने झटकताच येत नाही. प्रतिस्पर्ध्याच्या बेदरकार खेळामुळे पाय मोडल्यास जखमी खेळाडूही भरपाईस पात्र ठरू शकतो, हे इंग्लंडमध्ये १९८५ सालीच एका हौशी फुटबॉल सामन्याच्या खटल्यात ठरले.

नियम करणाऱ्या संस्थेवरही जबाबदारी येते. २१ सप्टेंबर १९९१ रोजी लंडनमध्ये मुष्टियोद्धा मायकेल वॉटसन लढतीनंतर रिंगमध्ये कोसळला. डॉक्टर त्याच्यापर्यंत पोचेपर्यंत काही मिनिटे गेली आणि मेंदूला प्राणवायू पुरवण्याची साधने रिंगपाशी नव्हती. ब्रिटनच्या मुष्टियुद्ध मंडळाने वैद्यकीय व्यवस्थेचे नियम स्वतःकडे घेतले होते. ते नियम अपुरे असतील तर मंडळ जबाबदार आहे, असे अपील न्यायालयाने २००० साली म्हटले. म्हणून आपल्या स्पर्धेच्या नियमांत ‘डॉक्टर उपस्थित असावा’ एवढे लिहून थांबू नये. डॉक्टर कोठे बसेल, त्याच्याकडे काय असेल, रुग्णवाहिका कोणत्या दाराने बाहेर पडेल आणि कोणत्या रुग्णालयाला आधी कळवले आहे, हे लिहावे.

प्रेक्षकांच्या सुरक्षेबाबत काय?

११ मे १९८५ रोजी ब्रॅडफर्ड सिटीच्या मैदानावर लाकडी गॅलरीखालच्या कचऱ्याला आग लागली आणि ५६ जण मरण पावले. फळ्यांच्या फटींतून वर्षानुवर्षे पडलेला कचरा खाली साचला होता. आगीनंतर त्यात १९६८ सालचे वर्तमानपत्र सापडले. धोक्याची लेखी सूचना क्लबला आधी मिळाली होती. १९८७ साली न्यायालयाने दोन-तृतीयांश जबाबदारी क्लबवर आणि एक-तृतीयांश स्थानिक प्रशासनावर टाकली. धोक्याचे पत्र आले की त्यावर कोणी, केव्हा, काय केले, याची नोंद त्याच फाइलमध्ये असावी. उत्तर न दिलेले पत्र न्यायालयात क्लबविरुद्धचा सर्वांत मोठा साक्षीदार ठरते.

सरकारने संघटनेच्या कारभारात हस्तक्षेप केला तर काय होते?

बहुतेक जागतिक महासंघांच्या घटनेत सदस्य संघटनेने आपला कारभार स्वतंत्रपणे चालवावा, अशी अट असते. ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयाने नेमलेल्या प्रशासकांकडे कारभार गेल्याने फिफाने भारतीय फुटबॉल महासंघाला निलंबित केले आणि प्रशासकांचा अंमल संपताच त्याच महिन्यात निलंबन उठवले. स्वायत्तता मौल्यवान आहे, पण ती हिशेब न देण्याची सवलत नाही. पदाधिकाऱ्यांच्या कार्यकाळाला मर्यादा, लेखापरीक्षण, वेळेवर निवडणुका आणि हितसंबंधांची नोंदवही असेल तर बाहेरच्यांना हस्तक्षेपाचे कारणच मिळत नाही. अध्यक्षांच्या नातेवाइकाची कंपनी गणवेश पुरवत असेल तर ते जाहीर करून अध्यक्षांनी त्या विषयापुरते बैठकीबाहेर जावे आणि तसे इतिवृत्तात लिहावे.

छोट्या क्लबने नोंदणी करणे आवश्यक आहे का?

कायद्याने सक्ती नसली तरी करावी. अनेक देशांत नोंदणी नसलेल्या मंडळाला स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व नसते आणि दाव्याची रक्कम पदाधिकाऱ्यांच्या खिशातून जाऊ शकते. विमा मात्र नोंदणीनंतरही वेगळा घ्यावा लागतो. त्यात स्वयंसेवकांचा समावेश आहे का, हे पाहावे.

बंदीचे पत्र आजच हाती आले. पहिल्या दिवशी काय करावे?

पत्र ज्या ई-मेलने किंवा पाकिटातून आले तो ई-मेल किंवा पाकीट तारीख-वेळेसह जपून ठेवावे, कारण अपिलाची मुदत तिथूनच मोजली जाते. नियमावलीतील अपिलाचे कलम शोधून शेवटचा दिवस कॅलेंडरवर लिहावा. पूर्ण कारणे नंतर मिळणार असतील तर मुदत कधीपासून सुरू होते, हे लेखी विचारावे. साक्षीदारांची नावे आणि घटनाक्रम आठवणीत ताजा असतानाच लिहून काढावा. समाजमाध्यमांवर काहीही लिहू नये. बंदीच्या काळात सरावालाही मनाई आहे का, हे तपासावे, कारण न कळत मैदानात उतरल्यास दुसरा नियमभंग होतो. स्पर्धा जवळ असेल तर अपिलासोबतच स्थगितीचा अर्ज द्यावा. अपील दाखल झाल्याने शिक्षा आपोआप थांबत नाही.